शेजारधर्माचा पाठ : आगीच्या प्रसंगीचा त्याग वर्गात कसा शिकवावा
(इयत्ता ४ थी व ५ वी, नीतिपाठ व परिसर अभ्यास, दोन तासिका)

पाठाचे प्रयोजन

खेड्यात एखाद्या घराला आग लागली म्हणजे सर्वांत आधी धावून येतो तो शेजारी. अग्निशामक दल बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असते, आणि त्याची गाडी येईपर्यंत बराच वेळ निघून जातो. तोपर्यंत घागरी, बादल्या, मातीची घमेली व शिडी घेऊन जी माणसे उभी राहतात ती त्याच आळीतली असतात. घरात मूल अडकले आहे असे कळताच त्यांच्यापैकी एखादा मागचापुढचा विचार न करता आत शिरतो. कधी तो मुलाला छातीशी धरून बाहेर येतो. कधी दोघेही बाहेर येत नाहीत.

अशा माणसाची स्मृती शाळेने जपली पाहिजे, ह्याविषयी दुमत होणार नाही. परंतु हा प्रसंग शिकविताना शिक्षकापुढे एक अडचण उभी राहते. गोष्ट केवळ गौरवाच्या सुरात सांगितली, तर आगीत उडी घेणे म्हणजेच शौर्य, अशी समजूत दहा वर्षांच्या मुलाच्या मनात घर करते. उलट, केवळ खबरदारीचे नियम सांगितले, तर ज्या माणसाने दुसऱ्याच्या लेकरासाठी प्राण दिले त्याने काहीतरी चूक केली असे मुलांना वाटू लागते. पहिल्या पद्धतीने मुलाच्या जिवाला धोका उत्पन्न होतो. दुसरीने त्याच्या मनाचे नुकसान होते. ह्या दोहोंच्या मधून वाट कशी काढावी, हे सांगण्यासाठी प्रस्तुत पाठटिपण दिले आहे.

ह्या पाठाचे मर्म एका वाक्यात सांगता येईल : आगीच्या वेळी मूल स्वतः झटकन बाहेर येऊन सर्वांना दिसेल अशा जागी उभे राहिले, तर त्याचा स्वतःचा जीव वाचतोच, शिवाय त्याला शोधण्यासाठी आत धावणाऱ्या शेजाऱ्याचाही वाचतो.

पाठ संपल्यावर मुलांना पुढील गोष्टी साधाव्यात :

१. दुसऱ्यासाठी प्राण देणाऱ्या सामान्य माणसांविषयी आदर वाटावा.
२. यश न आलेल्या प्रयत्नाचेही मोल कळावे.
३. आगीच्या वेळी स्वतः काय करावे व काय करू नये, हे कृतीने दाखविता यावे.

शिक्षकाची पूर्वतयारी

पाठाच्या आधी एक चौकशी अवश्य करावी. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी आगीचा किंवा भाजण्याचा अपघात घडला असल्यास त्याच्या पालकांशी आधी बोलून घ्यावे. पाठ चालू असताना त्या मुलाकडे वळून पाहू नये, त्याला अनुभव सांगावयास लावू नये, आणि त्यास बाहेर जाऊन बसावेसे वाटल्यास परवानगी द्यावी.

साहित्य : जगाचा नकाशा, एक घोंगडी किंवा जाड सुती चादर, पाण्याची बादली व तांब्या, वर्गाचे हजेरीपत्रक.

पाठासाठी १४ ते २० एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा सप्ताह सोयीचा आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या बोटीवर आग लागली. बोटीत कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा असे दोन्ही भरलेले होते. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझविण्यासाठी गेलेले मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. हा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. आपल्याकडे हेच दिवस उन्हाचे, वाऱ्याचे आणि कडब्याच्या गंज्यांचे असतात. त्यामुळे विषय मुलांच्या डोळ्यांसमोरच असतो.

प्रस्तावना

मुलांच्या पूर्वज्ञानावर आधारलेले पुढील प्रश्न विचारावेत :

तुमच्या घरी विस्तव कोठे कोठे असतो? (चूल, गॅस, देवापुढील दिवा, उदबत्ती, गोठ्यातील धुरी.) आई शेतावर गेली असता तुमच्या धाकट्या भावंडाकडे कोण पाहते? शेजारच्या काकूंच्या घरी विरजण मागावयास कोण जाते?

शेवटच्या दोन प्रश्नांवरून शेजार म्हणजे काय, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. भिंतीला भिंत लागलेले घर एवढाच शेजाराचा अर्थ नाही. ज्याच्या हाती आपण आपले मूल निर्धास्तपणे सोपवितो तो शेजारी. मग हेतुकथन करावे : “शेजाऱ्याच्या लेकरासाठी आगीत शिरलेल्या माणसांची हकीकत आज आपण ऐकणार आहोत.”

विषय-प्रतिपादन

नकाशात लंडन शहर दाखवावे. तेथे सेंट पॉलच्या मोठ्या चर्चपासून जवळच ‘पोस्टमन्स पार्क’ नावाची एक छोटी बाग आहे. बागेत एक छपरी आहे आणि तिच्या भिंतीवर चिनी मातीच्या फरश्यांचे फलक बसविले आहेत. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स नावाच्या चित्रकाराची ही कल्पना. राजांचे व सेनापतींचे पुतळे सर्वत्र असतात. परंतु दुसऱ्याचा जीव वाचविताना मेलेल्या मजुरांची, मोलकरणींची आणि मुलांची नावे कोणी लिहून ठेवीत नाही, ह्याची त्याला खंत वाटे. १८८७ साली त्याने वृत्तपत्रातून ही सूचना मांडली, आणि १९०० साली हे स्मारक उघडण्यात आले. आज तेथे ५४ फलक आहेत. त्यांतील दोन फलकांची हकीकत मुलांना सांगावी.

*पहिली हकीकत.* लंडनच्या सदर्क भागात युनियन स्ट्रीटवर तेलाचे व रंगाचे एक दुकान होते. दुकानदार आपल्या कुटुंबासह वरच्या मजल्यांवर राहत असे. त्याची मेहुणी अ‍ॅलिस एअर्स ही २५ वर्षांची तरुणी घरकामाला व मुलांना सांभाळण्याला तेथेच असे. तिचा बाप गवंड्याच्या हाताखाली मजुरी करणारा. १८८५ सालच्या एप्रिल महिन्यात २४ तारखेच्या रात्री दुकानात आग लागली. खाली तेल असल्यामुळे ज्वाळा भराभर चढल्या आणि जिन्याची वाट बंद झाली. रस्त्यावर माणसे जमली. अ‍ॅलिस खिडकीत दिसताच “उडी मार” असा एकच ओरडा झाला. ती आत वळली आणि एक गादी ओढीत आणून तिने खिडकीतून खाली टाकली. मग एका भाचीला आणून तिने त्या गादीवर सोडले. लोक पुन्हा ओरडले. ती पुन्हा आत गेली. अशा रीतीने तिन्ही भाच्या तिने एकेक करून खाली पोहोचविल्या. तोपर्यंत धुराने तिचे भान हरपत आले होते. अखेर ती स्वतः खिडकीतून पडली ती दुकानाच्या पाटीवर आदळून, गादीच्या बाहेर. दोन दिवसांनी रुग्णालयात तिचा अंत झाला. तिची बहीण, मेहुणा व त्यांचा मुलगा घरातच मृत्यू पावले, आणि तिन्ही भाच्यांपैकी सर्वांत धाकटीही भाजल्यामुळे पुढे वाचू शकली नाही. दोघी जगल्या. १९३६ साली लंडनमधील एका रस्त्याला अ‍ॅलिसचे नाव देण्यात आले.

*दुसरी हकीकत.* हा फलक अगदी थोड्या शब्दांचा आहे. २० एप्रिल १९०२ रोजी पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन ह्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत एक घर पेटले. अ‍ॅलिस मॉड डेनमन ही २७ वर्षांची आई आपल्या मुलांना वाचविण्यासाठी धडपडली. तिच्याबरोबर आर्थर रेगेलस हा २५ वर्षांचा गाडीवानही धडपडला. प्रयत्न करताकरताच दोघांनाही मृत्यू आला. गाडीवानाचे लोकांत रूढ असलेले लाडके नाव ‘लिटल पीटर’ हेही फलकावर आहे. मुलांशी त्याचे काय नाते होते, ह्याचा त्यात उल्लेख नाही. त्याचे नाव, त्याचे वय, त्याचे काम आणि त्याने काय करू पाहिले, एवढेच त्या भिंतीने सांगितले आहे. “प्रयत्न करताना” हे शब्द फळ्यावर लिहावेत व अधोरेखित करावेत. पाठाचा पुढील भाग त्यांवरच उभा आहे.

कथन करताना आवाज चढवू नये, जखमांचे वर्णन करू नये. प्रसंग मुळातच मोठा आहे. त्यास अलंकारांची गरज नाही.

विवेचन : मुलांचे तीन प्रश्न

हकीकत संपल्यावर काही क्षण शांतता राहू द्यावी. नंतर मुलांना प्रश्न विचारावयास सांगावे. बहुतेक वर्गांत पुढील तीन प्रश्न ह्या ना त्या रूपाने निघतील. न निघाल्यास शिक्षकाने ते स्वतः उपस्थित करावेत.

*“गुरुजी, जो वाचविता वाचविता मेला, त्याचा काय उपयोग झाला?”* हा प्रश्न उद्धट समजून मुलाला गप्प करू नये. तो ह्या पाठातील सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे. उत्तर सावकाश द्यावे. आग विझली, राख झाली. तरीही गावाला एक गोष्ट कळलेली असते. आपले लेकरू संकटात सापडले तर त्याच्यासाठी धावणारे कोणीतरी ह्या आळीत आहे, ही ती गोष्ट होय. ह्याच विश्वासावर आई मूल शेजारी ठेवून शेतावर जाते. ज्याचे हात रिकामे परत आले, किंवा परतलेच नाहीत, त्यानेही हा विश्वास राखला. म्हणून लंडनच्या त्या भिंतीवर यशस्वी झालेले आणि न झालेले, अशांचे फलक शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या आकारात मानाचा भेद केलेला नाही.

*“मग जे बाहेर उभे राहिले ते भित्रे का?”* मुलांना अ‍ॅलिसच्या हकीकतीकडे परत न्यावे. ती गादीवर मुली सोडीत होती तेव्हा खाली कोण होते? रस्त्यावरील माणसे होती म्हणून मुली झेलल्या गेल्या. गावातील आगीतही कोणी पाणी शेंदतो, कोणी विजेचा मुख्य खटका पाडतो, कोणी दूरध्वनी करतो, कोणी म्हाताऱ्यांना लांब नेतो, कोणी गोठ्यातील दावी कापतो. ही सर्व शेजारधर्माचीच कामे होत. विशेषतः ज्या घरातील माणूस आत शिरला आणि परतला नाही, त्या घरासमोर “बाकीचे काय करीत होते?” असे कुत्सितपणे विचारू नये, हेही मुलांनी शिकले पाहिजे. त्या बाकीच्यांना ती रात्र जन्मभर पुरते.

*“आम्हीही आत जावे का?”* ह्याला उत्तर एकच आणि निःसंदिग्ध असावे : नाही. लहान मुलाने पेटत्या घरात शिरावयाचे नाही. बाहेर आल्यावर कशासाठीही परत जावयाचे नाही. दप्तर, कोकरू, पैसे, अगदी भावंडासाठीही नाही. भावंड आत असल्यास ते कोणत्या खोलीत आहे, हे मोठ्या माणसाला ओरडून सांगणे हेच त्याचे काम. आणि ते फार मोठे काम आहे. कारणही समजावून द्यावे. आगीत बहुतेकांचा प्राण ज्वाळेच्या आधी धुराने जातो. धुरात विषारी वायू असतो. दोनचार श्वासांतच माणूस गोंधळतो आणि ओळखीच्या घरातही त्याला दार सापडत नाही.

तुलना

धाडसाला विचाराची जोड मिळाली म्हणजे काय घडते, हे दाखविण्यासाठी आपल्याच देशातील एक उदाहरण द्यावे. २ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर एक समारंभ चालू असता मंडपाला आग लागली. पंतप्रधान नेहरू तेथे उपस्थित होते. हरिश्चंद्र मेहरा हा १४ वर्षांचा बालवीर त्या ठिकाणी स्वयंसेवकाचे काम करीत होता. त्याने आपल्या सुरीने मंडपाचे कापड फाडले आणि अडकलेल्या लोकांना वाट करून दिली. ह्या प्रसंगानंतर शूर बालकांना राष्ट्रीय पुरस्कार देण्याचा उपक्रम भारतीय बालकल्याण परिषदेने सुरू केला. हरिश्चंद्राने कोणती गोष्ट ओळखली, हे मुलांना विचारावे. माणसांना बाहेर पडावयाला वाट हवी आहे, हे त्याने ओळखले.

लंडनच्या त्याच भिंतीवर आठ वर्षांच्या हेन्री जेम्स ब्रिस्टो ह्या मुलाचाही फलक आहे. १८९० सालच्या ३० डिसेंबरला त्याने आपल्या लहान बहिणीच्या अंगावरील पेटलेले कपडे ओढून काढले. ती वाचली, तो स्वतः पेटला आणि गेला. ह्या हकीकतीनंतर लगेच घोंगडी हाती घ्यावी. अंगावरचा विस्तव हाताने झटकावयाचा नाही, तो झाकून गुदमरवावयाचा असतो, हे आज आपण शिकवू शकतो. आठ वर्षांच्या हेन्रीला ते कोणी शिकविले असते तर, हा विचार शिक्षकाने बोलून दाखविण्याची आवश्यकता नाही. मुलांच्या तो आपोआप ध्यानी येईल.

निष्कर्ष

फळ्यावर मुलांच्याच शब्दांत पुढील चार वाक्ये लिहून घ्यावीत :

शेजारी आपल्यासाठी धावतो.
आपण न सापडलो, तर तो आत शिरतो.
म्हणून आपण आधी बाहेर यावे व दिसावे.
बाहेर आलेल्याने परत आत जाऊ नये.

उपयोजन : दुसरी तासिका

ही तासिका मैदानावर घ्यावी.

*१. ठरलेली जागा.* प्रत्येक मुलाने आपल्या घराबाहेरील एक जागा ठरवावी : पार, देवळाची पायरी, हातपंप, चावडी. आग लागली की घरातील सर्वांनी तेथेच जमावयाचे व एकमेकांना मोजावयाचे. हा साधा नियम फार मोलाचा आहे. पुष्कळदा मूल घाबरून दुसऱ्याच आळीत पळालेले असते, आणि त्याच्या शोधात कोणीतरी पेटत्या घरात शिरते. मैदानावर हजेरीपत्रक घेऊन हा खेळ घ्यावा : शिट्टी वाजताच मुलांनी वर्गातून रांगेने बाहेर यावे, झाडाखाली थांबावे, शिक्षकाने हजेरी घ्यावी. एका मुलास मुद्दाम लपावयास सांगून “आता त्याला शोधावयास कोण जाईल?” असे विचारावे. उत्तर देताना वर्ग आपोआप गंभीर होईल.

*२. लपावयाचे नाही.* लहान मुले भीतीने खाटेखाली, कणगीच्या मागे, माळ्यावर, न्हाणीघरात लपतात. शोधणाऱ्याला ती दिसत नाहीत. वाट बंदच झाली असेल तर दार लावून घ्यावे, फटींत ओले कापड कोंबावे, खिडकीशी जावे आणि ओरडत राहावे.

*३. वाकून चालणे.* तापलेला धूर वर चढतो. जमिनीजवळची हवा त्यामानाने बरी असते. मुलांना नाकातोंडाशी कापड धरून गुडघ्यांवर रांगत दारापर्यंत जावयास लावावे. बंद दार उघडण्यापूर्वी त्यास हाताची मागची बाजू लावून पाहावी. दार तापले असेल तर उघडू नये.

*४. थांबा, झोपा, लोळा.* कपडे पेटल्यास पळू नये, कारण पळाल्याने वारा लागून ज्वाळा वाढते. जागीच थांबावे, चेहरा हातांनी झाकून जमिनीवर पडावे व लोळावे. जवळच्या माणसाने घोंगडी किंवा जाड सुती कापड टाकून ज्वाळा दाबावी. नायलॉनचे कापड घेऊ नये.

*५. भाजल्यावर.* भाजलेल्या भागावर साधे थंड पाणी किमान २० मिनिटे सोडावे. बांगड्या, अंगठी, कडदोरा लगेच काढावा. चिकटलेले कापड ओढू नये. शाई, हळद, राख, तूप, दातांची पेस्ट ह्यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून दवाखान्यात न्यावे.

*६. कोणाला कळवावे.* अग्निशामक दल १०१, रुग्णवाहिका १०८, सर्व संकटांसाठी ११२. आपले नाव, गाव, तालुका आणि घराजवळची ठळक खूण सांगण्याचा सराव प्रत्येक मुलाकडून करून घ्यावा.

मोठ्यांसाठी तीन सूचना पालकसभेत सांगाव्यात : कढईतील तेल पेटल्यास पाणी ओतू नये, झाकण ठेवून खालची आच बंद करावी, विजेने लागलेल्या आगीवर मुख्य खटका पाडल्याशिवाय पाणी टाकू नये, गॅसचा वास आल्यास दिव्याचे बटण दाबू नये, दारेखिडक्या उघडून टाकीची कळ बंद करावी.

शाळेचे घर

शाळा हेही मुलांचे घरच आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील विस्तव गवती छपराला लागून ९४ मुले मृत्यू पावली. हे ध्यानी ठेवून प्रत्येक मुख्याध्यापकाने पोषण आहाराची खोली, तेथील गॅसची नळी, वर्गाची दारे बाहेर उघडतात की नाही, आणि व्हरांड्यात मोडकी बाके रचून वाट अडलेली नाही ना, हे दर महिन्याला स्वतः पाहावे. वाळूच्या बादल्या भरलेल्या असाव्यात. त्यांत कागदाचे कपटे व शेंगांची टरफले साठू देऊ नयेत.

स्वाध्याय

१. घरातील सर्वांना विचारून तुमची ‘ठरलेली जागा’ वहीत लिहा व तिचे चित्र काढा.
२. अ‍ॅलिसने आधी गादी का टाकली? आपल्या शब्दांत लिहा.
३. आगीच्या वेळी आत न जाताही शेजाऱ्याला करता येतील अशी पाच कामे लिहा.
४. गावातील वडीलधाऱ्यांना विचारा : आग, पूर किंवा विहिरीच्या प्रसंगी दुसऱ्यासाठी धावून गेलेले कोणी आपल्या गावात होते काय?

चौथ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकाने काळजीपूर्वक वाचावीत. ज्या घरचा माणूस गेला त्या घराची संमती घेऊन त्याचे नाव, वय, काम व त्याने काय करू पाहिले, एवढे चार शब्द शाळेच्या एका वहीत सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवावेत. संगमरवराची गरज नाही. दरवर्षी एप्रिलच्या सप्ताहात ती वही वर्गात वाचावी, आणि वाचून झाल्यावर मुलांना मैदानावर नेऊन हजेरीचा सराव पुन्हा घ्यावा.